दारात थांबलेली गाडी

"अहो, आधी रूळ घालतात की आधी फाटक?" शिवणयंत्र भिंतीकडे सरकवत बायकोनं विचारलं.

"फाटक. फाटकाशिवाय गाडी सोडायची म्हणजे काय पोरखेळ आहे?"

उभी हयात रेल्वेच्या फाटकावर काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! निवृत्तीनंतर बाप नुसता घरात येरझाऱ्या घालतो म्हणून लेकीनं छोट्या रेल्वेची पेटी आणून दिली होती. तेव्हापासून बायकोच्या शिवणाच्या टेबलावर प्लायवूडची फळी ठाण मांडून बसली होती. आज गाडी धावली नाही तर सगळं माळ्यावर टाकेन, असं तिनं सकाळीच बजावलं होतं, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती.

त्यानं पुठ्ठ्याचं फाटक रोवलं. शेजारी, जिथं दोघांनी संसार केला ती त्यांची जुनी एका खोलीची चौकी केली, खिडकीला तिच्याच चिंध्यांतला पडदा लावला. मग गोल रूळ ठोकले, वायर जोडली, बटण दाबलं.

इंजिन निघालं. फाटकातून सुटलंसुद्धा. पण वळणावर लांब डब्याचं पोट आतल्या बाजूला येतं, ते फाटकाच्या खांबाला अडलं आणि गाडी जागच्या जागी घुरघुरू लागली. 'रुळापासून लांब उभे राहा' म्हणून जन्मभर लोकांवर खेकसलेल्या या गृहस्थानं स्वतःचा खांब मात्र रुळाला चिकटवला होता.

त्यानं ओशाळून बटण बंद केलं आणि खांब उपटायला हात घातला.

"राहू द्या हो." ती फळीवर वाकली होती. डब्याचं दार नेमकं चौकीच्या दारासमोर आलं होतं. "किती गाड्या गेल्या आपल्या दारावरून! एक तरी थांबली का? मी आपली खिडकीतून हात करायची."

"प्रवासाचा फुकट पास मिळायचा गं. पण बदलीला माणूस मिळायचा नाही. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणत राहिलो."

"माहितीये मला. आता गुडघे गाडीत कुठे चढू देतायत!" ती हसत म्हणाली. तिनं एकदा तरी भांडायला हवं होतं, असं त्याला वाटलं. फार वाईट वाटलं त्याला.

तिनं स्टूल ओढलं आणि चहाचा कप घेऊन गाडीसमोर बसली. "माळ्यावरचं राहू दे आता. सोडा तुमची गाडी."

"चहा होऊ दे तुझा. घाई नाही."

तो टेबलाशेजारी ताठ उभा राहिला, गाडी जाताना फाटकावर राहायचा तसा. गाडी मात्र थांबलेली होती, आणि ती अगदी सावकाश चहा पीत होती.