हरवलेल्या बॉम्बची नोंद

"पडलेलं दिसलं की आधी उचल. विचार उचलल्यावर कर. तू विचार करत उभी राहिलीस, की तिसराच कुणी उचलतो आणि धनी बिचारा रडत बसतो."

आत्याचा हा आवाज सापडलेबाईंच्या कानात सव्वीस वर्षं मुक्कामाला होता. बसस्थानकाच्या 'हरवले-सापडले' खोलीत आधी आत्या बसायची. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर तिने भाचीला तिथे चिकटवून दिलं आणि खुर्चीबरोबर हे वाक्यही दिलं. बाईंचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्या स्थानकाच्या तोंडी त्या सापडलेबाईच.

खोली लांबट, खिडकी एक, तीन भिंतींना छतापर्यंत कप्पे. कप्प्यांत छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट, पेल्यात बुडवून ठेवलेली एक कवळी, आणि माणूस विसरूच कसा शकतो असं वाटायला लावणारा एक भलामोठा ढोल. कुबड्यांची एक जोडीही होती. तिचा धनी ती विसरून चालत घरी गेला, ही बाई देवाची कृपाच समजत आणि ती जोडी रोज पुसत. आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी बांधायची, वहीत नोंद करायची, आणि तीन खुणा पटवल्याशिवाय ती कुणाला द्यायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. हा बाईंचा नेम होता आणि नेम मोडणं त्यांना ठाऊक नव्हतं.

मग शेजारच्या शहरात बाजारात कुणीतरी एक पिशवी ठेवून गेलं. ती फुटली आणि नऊ माणसं गेली. बाईंनी त्या नऊ जणांसाठी नऊ दिवस एकवेळ जेवण केलं. दहाव्या दिवशी स्थानकात जागोजागी पाट्या लागल्या. 'बेवारस वस्तूला हात लावू नका. ताबडतोब सुरक्षा पथकाला कळवा.'

स्थानकाच्या व्यवस्थापकांना त्या पाटीत आशेचा किरण दिसला. त्या खोलीच्या जागी थंड पेयांचं दुकान काढायचं त्यांच्या मनात कधीचं घोळत होतं.

"बाई, आता बेवारस वस्तूला हातच लावायचा नाही म्हटल्यावर तुमची खोली कशाला हवी? वरातच निघाली नाही, तर घोडा कशाला पोसायचा?"

"पण साहेब, माणसं विसरायची थांबलीत का?"

"ते मला विचारू नका. या आठवड्यात कधीतरी सुरक्षा पथकाचा सराव आहे. खोटा बॉम्ब ठेवणार, कुठे आणि कधी ते सांगणार नाहीत. आपल्यापैकी एकानेही त्याला हात लावला, तर निरीक्षक अहवालात लिहिणार. मग शनिवारी खोलीला टाळं आणि आतलं सगळं भट्टीत."

भट्टी म्हटल्यावर बाईंनी मनात मोजलं. चारशे अकरा वस्तू. प्रत्येकीची वाट बघणारं कुणीतरी, कुठेतरी. त्या रोज सकाळी पाटीसमोर उभ्या राहून ती पाठ म्हणू लागल्या. पण पाटी वाचली होती डोळ्यांनी. हातांपर्यंत ती अजून पोचली नव्हती.

मंगळवारी दहाच्या सुमाराला त्या पाणी भरायला नळावर गेल्या होत्या. तेवढ्यात चार नंबरच्या बाकावर एका जाडजूड माणसाने निळी पिशवी ठेवली आणि तो तरातरा चालू लागला.

"अहो भाऊ! पिशवी राहिली!"

भाऊंनी मागे न बघता वेग वाढवला.

"अहो, पिशवी!"

भाऊ चक्क पळत सुटले. बाईंना त्यांची दया आली. बस चुकत असणार. संध्याकाळी येतील बिचारे शोधत. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन त्या खोलीत परतल्या. चिठ्ठी बांधली, क्रमांक चारशे बारा. पिशवी ढोल आणि कुबड्यांच्या मधे ठेवली, वहीत नोंद केली आणि जपाला बसल्या.

पंधरा मिनिटांनी भोंगा वाजला. तीनशे प्रवासी बाहेर उन्हात नेले गेले. पथक आलं, शिरस्त्राणं आली, कुत्रा आला. सगळे चार नंबरच्या बाकाला वेढा घालून उभे राहिले आणि बाक रिकामा होता.

बाकाखाली पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. कुत्र्याने एका प्रवाशाची शिदोरी हुडकली आणि आपल्या पातळीवर तपास पूर्ण केला. तास झाला. बाहेरचे प्रवासी बोलू लागले.

"स्वतःचा बॉम्ब सापडेना यांना, दुसऱ्याचा काय सापडणार!"

सापडलेबाईंनाही बाहेर काढलं होतं. त्यांनी पाहिलं, एक उंच निरीक्षक घामाघूम होऊन बाकांखाली वाकून वाकून बघतोय. सव्वीस वर्षांत असं वाकणारा माणूस त्यांनी हजारदा पाहिला होता. त्या दारातून आत शिरल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमचं काही हरवलंय का?"

"बाई, मागे व्हा."

"नाही, हरवलं असेल तर तो विभाग माझ्याकडे आहे. काय होतं?"

निरीक्षकांनी दात आवळून सांगितलं, "बॉम्ब."

बाईंनी पदर सावरला. "रंग?"

"काय?"

"रंग कोणता? तीन खुणा सांगाव्या लागतात. तुमच्यावर अविश्वास नाही, पण नेम म्हणजे नेम."

"अहो, खोटा बॉम्ब आहे! सरावाचा!"

"खोट्यालाही रंग असतोच की, साहेब."

निरीक्षकांना रंग ठाऊक नव्हता. सामान त्यांच्या हवालदाराने घरून आणलं होतं. हवालदाराला हाक मारली. तो गर्दीतून पुढे आला, आणि बाईंचा चेहरा उजळला.

"अगंबाई! भाऊ, तुम्हीच की! किती हाका मारल्या तुम्हाला!"

हवालदार जमिनीकडे बघू लागला. "साहेब, ही बाई मागे लागली होती. अतिरेकी मागे वळून बघत नाही असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून मी पळालो."

"पिशवी कुठंय?" निरीक्षकांचा आवाज एकदम खाली आला.

"चारशे बारा नंबरला," बाई म्हणाल्या. "सुखरूप आहे."

व्यवस्थापक हे ऐकायलाच जणू कोपऱ्यात उभे होते. "बघा साहेब! आमच्याच माणसाने उचलला! लिहा अहवालात, लिहा!" त्यांच्या डोळ्यांपुढे थंड बाटल्यांची रांग उभी राहिली होती.

बाईंना आत्ता कुठे पाटी आठवली. चारशे अकरा वस्तू त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून भट्टीत जाऊ लागल्या.

निरीक्षक खोलीत आले. पिशवी त्यांनी स्वतः खाली उतरवली. आत एक गजराचं घड्याळ, विटेचा तुकडा आणि वायर. मग त्यांचं लक्ष उघड्या वहीकडे गेलं. व्यवस्थापकांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं आणि वाचू लागले.

'४१२. निळी पिशवी, पट्टा खाकी दोऱ्याने शिवलेला, टाके मोठे, बाईमाणसाचे नव्हेत. दहा वाजून सात मिनिटे, बाक चार. ठेवणारा गृहस्थ जाड, वय पन्नाशीच्या आत, डाव्या कानामागे चामखीळ, उजव्या बुटाची टाच झिजलेली, शर्टाचे तिसरे बटण खाकी दोऱ्याने लावलेले. पूर्वेच्या दारातून गेले. बस चुकली असावी. चेहऱ्यावर काळजी, बहुधा घरचे आजारी.'

निरीक्षकांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराचा हात आपोआप कानामागे गेला.

"घरी कोण आजारी आहे?"

"सासूबाई, साहेब. पण हिला कसं कळलं?"

"अकरा कॅमेरे आहेत इथे," निरीक्षक म्हणाले. "अकराही कॅमेऱ्यांत तुझं फक्त टक्कल आलंय."

हवालदाराला त्यांनी बाहेर पाठवलं आणि ते स्टुलावर बसले.

"बाई, खरा असता तर हे पान उरलं नसतं. तुम्हीही नाही. माझ्या पहिल्या नेमणुकीत माझ्या सोबत्याने एक डबा उचलला होता. शाळेसमोर होता, मुलं तुडवतील म्हणून. चांगला माणूस होता, तुमच्यासारखाच. आम्ही त्याला पुरा गोळाही करू शकलो नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटका होईल म्हणून नव्हे, तो डबा उचलणाऱ्यासाठी.

"बॉम्ब ठेवणारी ही माणसं कशावर जगतात ठाऊक आहे?" निरीक्षक म्हणाले. "मारतात थोड्यांना. पण उरलेल्या लाखांनी आयुष्यभर एकमेकांच्या पिशवीला भ्यावं, शेजारच्याकडे बघूच नये, ही त्यांची खरी कमाई. यंत्रं, भोंगे सगळं लागतंच, पण दारावर यंत्र एक आणि माणसं हजार. त्या हजारांनी बघायचं सोडलं, की आम्ही मेलो. तुम्ही बघता. फक्त तुमचे हात आवरा."

"हातांना उपवास घालते," बाई म्हणाल्या. "आजपासून. पिशवी एकटी दिसली की लांब उभं राहून तीनदा हाक मारीन, लोकांना बाजूला घेईन आणि तुम्हाला कळवीन. हे वचन समजा."

"आणि हे बघणं आहे ना, ते दुसऱ्यांना शिकवाल?"

बाईंनी विचार केला. दिलेला शब्द त्यांच्यासाठी नेमाइतकाच जड होता, उगाच देऊन चालत नसे. "रोज एक माणूस," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याहून जास्त नाही जमणार. खोली राहिली तर."

अहवाल गुरुवारी आला. निरीक्षकांनी काहीच लपवलं नव्हतं. 'सराव फसला. कर्मचाऱ्याने वस्तू हाताळली. हे प्राणघातक ठरले असते.' व्यवस्थापकांनी इथवर वाचून दुकानदाराला फोनही लावला. मग पान उलटलं. 'संशयिताचे वर्णन केवळ हरवले-सापडले कक्षाकडून मिळाले. वस्तू यापुढे पथकाने तपासूनच या कक्षात द्याव्यात. कक्ष बंद करणे सुरक्षेच्या दृष्टीने अयोग्य.' व्यवस्थापकांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून दुकानदार विचारत होता, "हॅलो? फ्रिज मोठा घेऊ की लहान?"

शुक्रवारी सकाळी बाईंनी जप आटोपला, कुबड्या पुसल्या आणि शिकवायला पहिला माणूस कोणता घ्यावा याचा विचार केला. सोपा घेणं म्हणजे उपवासाला चोरून खाणं. चौकशीच्या खिडकीत एक कारकून बसे. एकोणीस वर्षांत त्याने शब्दकोड्यातून मान वर काढून एकाही प्रवाशाचं तोंड पाहिलं नव्हतं. विचारणाऱ्याच्या पोटाशी बोलून तो बसची वेळ सांगे. त्याची बायको समोर उभी राहिली, तेव्हा तिलाही त्याने सात नंबरच्या फलाटावर पाठवलं होतं.

बाईंनी खोलीला कुलूप लावलं, मनातल्या मनात देवाला सांगितलं की आजचा जरा अवघड आहे, आणि चौकशीच्या रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.