आत्यांनी सोडलेल्या चपला

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. दोन वर्षं झाली, त्यांनी पायात चप्पल घातली नव्हती. माझ्यामुळं. म्हणजे माझ्या छातीत जी गाठ कधी नव्हतीच, तिच्यामुळं.

सृष्टीला मी अडीच वर्षं पाजलं. तिनं सोडलं तेव्हा छाती पार उतरून गेली होती. मग मी आणि हे पुण्याला गेलो. एकाच ऑपरेशनात छाती ओढून वर घेतली आणि आत सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्या. "पुढं मूल पाजायचं असेल तर आत्ता थांबा, नंतर दूध कमी येऊ शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. एकच लेकरू बास, असं मी सांगून टाकलं. बेंबळीला परत आल्यावर घरात काय सांगायचं? ह्यांनीच सांगितलं, "छातीत गाठ होती. काढली. साधीच होती."

साधी का असंना, आत्यांनी त्याच दिवशी येरमाळ्याच्या येडाईदेवीला नवस बोलून टाकला. सून बरी होऊन परत लेकरू पाजंल, तवर पायात चप्पल घालणार न्हाय. मी आतल्या खोलीत पडून ऐकलं आणि गप्प बसले. वाटलं, महिनाभरात विसरतील.

विसरल्या नाहीत. रानात तुरीच्या खुंटातून, लग्नाच्या मांडवात, बाजारात, सगळीकडं अनवाणी. आणि बाईला साखरेचा आजार.

मग न ठरवता दिवस गेले आणि ह्या चैत्रात प्रेम जन्मला. दूध मात्र थेंब थेंब. लेकरू ओढून ओढून थकायचं, मान फिरवायचं आणि रडायचं. आत्यांनी अळीव केले, डिंक केला, शेपा चावायला लावल्या. शेवटी दवाखान्यातून सांगितलेली पावडर सुरू झाली. बाटलीनं त्याचं पोट भरत होतं, पण आत्यांचा नवस बाटलीनं फिटणार नव्हता.

मला न्हाऊ घालायला गल्लीतल्या गौराबाई यायच्या. तेल लावता लावता एकदा त्यांचा हात थांबला.

"का गं द्वारका, गाठ एक आन् टाके दोन्हीकडं?"

"डागदरला ठावं," आत्या म्हणाल्या.

"हरवल्याली शेळी हुडकल्यावानी हिकडं न्हाय घावली तर तिकडं बघितली व्हय?"

"गप गं गौरे. लेकीसारखी हाय ती तुला. नीट चोळ."

मी हसले. हसले आणि घामानं भिजले.

प्रेम वीस दिवसांचा झाला तेव्हा आत्यांनी मला जवळ बसवून हळूच सांगितलं, "माझंच चुकलंय, शिवकन्ये. तू बाळंत झालीस त्या दिशी डबा घेऊन आले न्हवं का. धाराशिवच्या स्टँडवर डांबर असं तापल्यालं, पाय टेकंना. गौरी संगं हुती, तिची चप्पल घालून दवाखान्यापस्तोर चालले. येडाईनं बघितलं. माझ्या पायाची शिक्षा लेकराच्या तोंडाला दिली."

आणि ठरवलं काय, तर बेंबळीहून येरमाळ्यापर्यंत चालत जायचं. अनवाणी, भर वैशाखात. उजव्या पायाच्या अंगठ्याला तेव्हाच जखम होती, महिन्याभरापासून भरत नव्हती. आणखी चिघळली तर अंगठा काढावा लागंल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ह्यांना मी म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तर म्हणाले, "ऐकती का ती कुणाचं? जाईल थोडी आन् फिरंल माघारी."

निघायच्या आदल्या दुपारी आत्या दशम्या बांधत होत्या. सृष्टी झोपली होती, प्रेम माझ्या मांडीवर.

"आत्या, जाऊ नका."

"आता आडवं बोलू नको. गौरी हाय की संगं."

"पाय बघा तुमचा."

"लेकराच्या पोटापरीस पाय मोठा हाय व्हय?"

"गाठ नव्हती, आत्या."

त्यांनी वर बघितलं नाही. मीच बोलत गेले. आजार नव्हताच, छाती उतरली होती ती वर करून घेतली, आत पिशव्या घातल्यात, म्हणून दूध नाही, तुमचं काही चुकलं नाही. सगळं एका दमात.

वाटलं, आता दशम्यांची चळत अंगावर येणार.

"म्हंजी कॅन्सर-बिन्सर कायबी नव्हतं?"

"नव्हतं."

"आरं देवा," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. "बरं झालं बाई. दोन वर्सं जीव मुठीत धरून बसले हुते. म्हणलं, मला खरं सांगंनात, पोरगी हातची जातीय का काय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. त्यांनी प्रेमला माझ्याकडून घेतलं, थोपटलं. मग विचारलं,

"पर का केलंस गं? एवढं कापून घ्यायचं काय आडलं हुतं?"

"ह्यांना आवडंना."

"दिग्या म्हणला तसं? काय म्हणला?"

ते सांगायला नको होतं. पण दोन वर्षं एक खोटं सांभाळून मी दमले होते, दुसरं जमेना.

"म्हणाले, आईसारखी दिसायलीस."

आत्यांचा थोपटणारा हात तसाच चालू राहिला. चार लेकरं पाजलेली ती बाई. उन्हाळ्यात ब्लाऊजची वरची हुकं काढून पंख्याखाली निवांत बसायची, घरात कोण आहे, कोण नाही, बघायची नाही. तिनं खाली, स्वतःकडं बघितलं. एकदाच.

त्या येरमाळ्याला गेल्या नाहीत. दशम्या आम्हीच दोन दिवस खाल्ल्या. माझ्यावर रागावल्या नाहीत, गौराबाईंना काही सांगितलं नाही, लेकाला तर एक शब्दही नाही.

मी सांगितलं त्याच दिवशी संध्याकाळी हे कोर्टातल्या ड्युटीवरून आले आणि दारातूनच ओरडले, "आई, पाणी दे गं!"

आत्यांनी आधी हुकं लावली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, आणि मग तांब्या भरला.