फुल्यांचं फूल

“यातलं फूल कुठे गेलं रे?”

मावशीने टॅब अगदी नाकाला टेकवला होता. तिने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. पडद्यावर फुलाच्या जागी फुल्यांचा ढीग पडला होता, कोणीतरी केर लोटून डाव्या कडेला सारून ठेवावा तसा.

“नुसता कचरा आहे हा. माझं फूल असं नव्हतं.”

“होईल नीट. फाइलचं ई-बुक करताना थोडं इकडेतिकडे होतं.”

“मग उसव. चूक दिसली की उसवायचं.”

हे तिचा भाचा लहानपणापासून ऐकत आला होता. आई गेल्यावर मावशीनेच त्याला वाढवलं, आणि त्याच्या अंगात चढलेला प्रत्येक स्वेटर आधी दोन-चारदा उसवला गेलेला असे. एक टाका चुकला तरी ती अख्खी पाठ सोडवायची. थंडी संपत आली तरी स्वेटर आपला सुयांवरच. “मावशी, मी गारठून मरेन,” म्हटलं की ती म्हणे, “मर, पण चुकीच्या विणीत मरू नकोस.”

“दिवे गेले बघ,” मावशी म्हणाली.

टॅब जुना होता. थोडा वेळ हात लावला नाही की पडदा विझायचा. त्याने बोट टेकवून तो परत लावला.

जन्मभर विणकामाचे वर्ग चालवून मावशीने आता नमुन्यांचं पुस्तक केलं होतं. हट्टाने टायपिंग शिकून सगळं स्वतः टाइप केलं होतं. रंगीत टाक्याला फुली, पांढऱ्या टाक्याला मोकळी जागा. सुईवरचे टाके मोजावेत तसे तिने स्पेसबारचे ठोके मोजले होते. कॉम्प्युटरवर फाइल उघडली की फुल्याफुल्यांचं असं देखणं फूल उमलायचं की बघत राहावं. पण तिची नजर तोवर फार अधू झाली होती. भिंग लावूनही छापील अक्षर लागेना, तेव्हा तिने भाच्याला विचारलं, “तुझ्या त्या पुस्तकात अक्षरं मोठी होतात ना रे?”

“हवी तेवढी मोठी करून देतो,” तो म्हणाला होता.

बोलून गेला खरा. प्रकाशनाच्या ऑफिसात तो हेच काम करायचा. लेखकांच्या वेड्यावाकड्या फायली त्याच्याकडे यायच्या आणि शहाण्या होऊन बाहेर पडायच्या. ऑफिसातले त्याला डॉक्टर म्हणत. हे दुखणं मात्र त्याने पहिल्या दिवशीच ओळखलं आणि तो मनातून चरकला. ई-बुकाला मोकळ्या जागेची कदर नसते. ओळीने कितीही स्पेस द्या, ते त्यातली एक ठेवतं आणि बाकीच्या गिळतं. मावशीचे पांढरे टाके सगळे गिळले गेले होते.

मग सुरू झाला आटापिटा. साध्या स्पेस काढून त्याने गिळता न येणाऱ्या घातल्या. फूल उभं राहिलं! पण अक्षरं मोठी केली की ओळ पडद्यात मावेना. अर्धी ओळ खाली उतरे आणि पाकळीत देठ घुसे. ओळ मोडायचीच नाही अशी सक्त ताकीद दिली, तर उजवं अर्धं फूल पडद्याबाहेर गेलं. चौकटींची सारणी करून पाहिली, ती एका वाचनयंत्रावर नीट दिसली आणि दुसऱ्यावर चेंगरली. एक सांधावं तर तेरा तुटत होते. त्याने नियमातले सगळे उपाय केले, मग लोकांनी इंटरनेटवर सांगितलेले चोरटे उपायही केले.

“चित्र टाका आणि मोकळे व्हा,” ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या. त्या चुकीचं बोलत नव्हत्या.

“मॅडम, चित्र अक्षरांबरोबर मोठं होत नाही. बोटांनी ताणलं तर एकच पाकळी दिसते.”

“मग एकेक पाकळी बघतील लोक.”

“लोक बघतील हो,” तो म्हणाला आणि पुन्हा फाइलकडे वळला.

मोठ्या कागदावर फूल छापून त्याने मावशीला नेऊन दाखवलं होतं. तिने ते बाजूला ठेवलं. “हे काय भिंतीवर लावायचंय? माझ्या मुलींना जे दिसणार तेच मला तपासायचंय. पुस्तकावर नाव माझं आहे.” वर्गातल्या साठीच्या बायकाही तिला मुलीच होत्या.

त्याच सुमारास तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बराच वेळ उजेड पाडून पाहिलं आणि मावशीला बाहेर बसवून त्याला म्हणाले, “आता नंबर बदलून उपयोग नाही. जे काय बघायचं राहिलं असेल ते लवकर दाखवा.” एक डॉक्टर डोळ्यांचा, एक फायलींचा. दोघांनीही हात टेकले होते.

शेवटी त्याने चित्रच टाकलं. मोठं करता येईल तेवढं केलं, आणि ते पुरणार नाही हे ठाऊक असूनही टॅब घेऊन दुपारी मावशीकडे गेला. जमलं नाही म्हणून सांगायचं, असं वाटेत घोकलं होतं.

मावशी खिडकीत बसली होती. त्याने फुलाचं पान उघडून टॅब तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो नाकाशी नेला नाही.

“मावशी, ऐक ना. ते फूल...”

“थांब रे, मोजू दे आधी.”

तिने खालून पहिल्या ओळीवर बोट धरलं. काचेला न टेकवता, जराशा वरूनच, ती एकेक टाका मोजू लागली. ओठ हलत होते. देठ झाला, पानं झाली. ती पहिल्या पाकळीला लागली तेवढ्यात पडदा विझला.

दिवे गेले बघ, असं ती म्हणेल म्हणून त्याने बोट पुढे केलं.

ती मोजतच होती. काळ्या काचेवर तिचं बोट डावीकडून उजवीकडे जाई, कडेला थांबे आणि एक ओळ वर चढे. पुढे केलेलं बोट त्याने मागे घेतलं. शेवटच्या पाकळीच्या टोकाशी येऊन ती थांबली आणि समाधानाने मागे टेकली.

“आता बसलं बघ. एक टाका हललेला नाही.”

तो विझलेल्या पडद्याकडे बघत राहिला.

“गप्प का? चूक दिसतेय का तुला कुठे?”

“नाही,” तो म्हणाला.

“मग उसवायला नको. पाठव. आणि तू काहीतरी सांगत होतास.”

“काही नाही गं. हेच, की जमलं म्हणून.”

“जमणारच. हात कुणाचा आहे!” मावशी म्हणाली आणि टॅब पुढे केला. पडदा पुन्हा उजळू नये म्हणून त्याने तो काठाकाठाने धरून उचलला.