दोन सुया

दर महिन्याला केवळाबाई बिलोलीहून सकाळच्या एसटीनं नांदेडला माझ्या लॅबमध्ये यायच्या, सत्यमच्या शौचाची डबी घेऊन. बावीस वर्षांच्या या लेकाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. एक त्या देणार होत्या. पण त्याच्या आतड्यात असे जंतू होते, की भारीतलं भारी औषधही त्यांच्यापुढे पाणी. ते असताना ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून सर्जन थांबले होते.

मला मात्र आशा होती. औषधाला न जुमानण्याचं जनुक त्या जंतूंच्या मूळ गुणसूत्रात नव्हतं. ते एका वेगळ्या छोट्या कड्यावर, प्लाझ्मिडवर होतं. असं कडं एक जंतू शेजारच्याला देऊन टाकतो. पण औषधच बंद असलं तर ते नुसतं ओझं, आणि हळूहळू जंतू ते सोडून देतात. "अँटिबायोटिकची एक गोळीसुद्धा द्यायची नाही," मी केवळाबाईंना बजावलं होतं. फटकळ आहे मी, दरडावूनच बोलले. शंभर जंतूंत कडंवाले आधी साठ निघाले, मग तीस, मग नऊ.

चौथ्या महिन्यात शंभरातले शंभर. आणि कडं आता वेगळं राहिलंच नव्हतं, थेट गुणसूत्रात घुसून बसलं होतं. कुळाचं नाव एकदा सातबाऱ्यावर चढलं की त्याला कोण उठवणार?

मी सत्यमला फोन लावला. म्हणाला, मागं ताप आला होता, आईनं गावातल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिकच्या दोन सुया देवविल्या. माझं डोकंच फिरलं. कडं सोडलेले बिचारे जंतू त्या सुयांनी मेले. ज्यांच्यात ते कायमचं शिरलं होतं, ते तेवढे उरले आणि फोफावले.

"मॅडम, हे सुयांमुळं झालं असं आईला सांगू नका," तो म्हणाला. "जीव देईल ती."

दुसऱ्या दिवशी केवळाबाई आल्या. सर्जननी ऑपरेशन रद्द केलंय, एवढं ऐकून त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग म्हणाल्या, "म्या दोन सुया देल्या व्हत्या त्याला. त्यानं तर झालं न्हाई ना?"

वीस वर्षांत एकाही रिपोर्टात खोटं लिहिलं नाही मी.

"नाही," म्हणाले. "आधीपासूनच होतं ते."

"मंग बरं." त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत उठल्या. "धाकटी सुकन्याबी तापानं फणफणून राहिली. जाता जाता तिलाबी त्याच सुया देते."

मी त्यांचा हात धरला, परत खाली बसवलं आणि खरं काय ते सांगितलं.