कोबीनं दिलेला होकार

"बोलला! पोरगा बोलला!" दारातला शेजारी ओरडला आणि बाहेरची गर्दी आत घुसली.

खाटेवर घरातला धाकटा मुलगा होता. अपघातानंतर डोळे उघडे, पण ना ओळख ना शब्द. डोक्यावर तारांची टोपी, शेजारच्या पडद्यावर थरथरणारी हिरवी रेघ आणि त्यामागे तारवाले महाराज.

"मनोलहरी! सूक्ष्म कंपनं! विज्ञान आणि अध्यात्म एकाच वायरीत!" महाराजांची गाडी सुसाट होती. "माउली, लेकाचं डोकं दोन्ही हातांत धरा आणि विचारा. हो असेल तर लाट उसळेल."

आई वाकली. "बाळा, ते फिटचं औषध नको ना रे तुला?"

रेघ ताडकन उसळली. "हो म्हणतोय!" महाराज गरजले. "औषधानंच जखडलाय त्याला. आजपासून बंद!"

त्याची थोरली बहीण, ताई, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती मेंदूची डॉक्टर. औषध थांबलं तर फिट येतील आणि एखादी फिट भावाला घेऊन जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आई, असलं काही करू नकोस."

"तू गप्प बस! तुमच्या दवाखान्यात एक अक्षर तरी बोलला का तो?"

ताईची नजर आईच्या हातांवर गेली. तिच्या विभागात शिरस्ता होता: आलेख वाचण्याआधी तारा तपासायच्या. ती स्वयंपाकघरात गेली, कोबीचा गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि भावाची टोपी त्याला चढवली.

"अहो, हा काय पाचकळपणा!" महाराज लालबुंद झाले.

"आई, आता याला विचार. तस्संच धर."

आईनं दोन्ही हातांत कोबी धरला. "औषध... नको ना?"

रेघ ताडकन उसळली.

"अरेच्चा! कोबीपण हो म्हणतोय की!" गर्दीत हशा पिकला.

"हात काढ," ताई म्हणाली. रेघ खाली बसली. "हात लागला की तारा हलतात, तारा हलल्या की रेघ उसळते. नुसते दात आवळले तरी उसळते. त्यात मन कुठलं आलं?"

महाराजांनी यंत्र आवरलं आणि मागच्या दारानं पोबारा केला. गर्दीही ओसरली. आई मात्र हसली नव्हती.

"मग तुझं खरं यंत्र काय सांगतं?"

"मेंदूत लाटा आहेत. कधी उठतात ते अगदी क्षणाक्षणाला कळतं, पण आत नेमक्या कुठून, ते धूसर."

"आणि तो बोगद्यासारख्या यंत्रातला फोटो?"

"त्यात जखम कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. रक्त कुठे धावतंय तेही दिसतं, पण जरा उशिरानं. मनात काय चाललंय, ते नाही दिसत."

"म्हणजे मी बोलते ते त्याला ऐकू येतं की नाही?"

ताईनं भावाकडे पाहिलं. इतकी वर्षं शिकली, आणि सख्ख्या भावाबद्दल एवढंही सांगता येईना. "माहीत नाही गं, आई. खरंच माहीत नाही."

"त्या मेल्यानं निदान उत्तर तरी दिलं होतं."

"तेच उत्तर त्याचा जीव घेणार होतं. आपल्याला कळत नाही, तर कळत नाही म्हणू या. पण खोट्याला खरं म्हणायचं नाही आणि औषध चुकवायचं नाही."

आई उठली. मग तिनं औषधाची बाटली उचलली, लेकाच्या नाकातल्या नळीतून डोस हळूहळू सोडला आणि त्याच्या कानाशी वाकली.

"बाळा, औषध दिलंय हं," ती म्हणाली, आणि उत्तरासाठी नकळत, मघाशी महाराजांचा पडदा होता त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.