निळ्या पत्राची दुसरी घडी

माणिकराव मास्तरांच्या पत्राला देवमनने कधी उत्तरच दिलं नव्हतं. बहात्तर साली आलेलं ते निळं अंतर्देशीय पत्र बाजापेटीच्या खोक्यात तळाला पडून होतं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

किन्हीराजा गावच्या शाळेत मास्तरांनीच त्याला विज्ञानाची गोडी लावली. शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी वाशीमला खेपा घातल्या. देवमन रसायनात बी.एस्सी. झाला, अनसिंगला येऊन राहिला आणि नोकरीचे अर्ज करता करता गायन पार्टीत जो बसला तो उठलाच नाही. नाव झालं, आवाज रेडिओवर गेला. मग हे पत्र आलं. पहिल्या घडीची शेवटची ओळ होती, 'एवढं शिकलास, आणि तू रसायन सोडून'. पुढे बोलणीच असणार, असं धरून त्याने पत्र उलटलंही नाही.

सहा वर्षांनी शिरपूरला सवाल-जवाबाचा सामना झाला. समोरच्या पार्टीच्या गंगूबाईने गाण्यातूनच विचारलं, बी.एस्सी. गवई, तुरटीत काय काय असते ते सांगा. मास्तरांनी दोऱ्याला टांगून वाढवलेला तुरटीचा खडा त्याला लख्ख दिसला. नाव एकाही मूलद्रव्याचं आठवेना.

"तुरटी दाढीले लावाची बाई, तिच्या पोटात कायले पायतं?" तो म्हणाला.

मंडप हसला, टाळ्या पडल्या, सामनाही त्यानेच जिंकला. पण घरी आल्यावर तो थेट बाजापेटीच्या खोक्यापाशी गेला. आता मास्तरांची बोलणी खाऊनच घ्यावी म्हणून त्याने पत्र काढलं, उलटलं आणि मोठ्याने वाचलं.

'गाणं धरलंस याचा मला राग नाही,' दुसरी घडी तिथूनच सुरू होत होती. 'मुलांना मूलद्रव्यांच्या संयुजा पाठ होत नाहीत. तुझी गाणी मात्र एकदा ऐकून पाठ होतात. संयुजांचं एक गाणं करून दे. दोन्ही येणारा माझ्या ओळखीत तू एकटाच. परीक्षा मार्चात आहे.'

भागिरथा, त्याची बायको, चुलीपाशी ऐकत होती.

"सहा वर्सं पेटीत ठेवलं, अन् उलटून नाई पायलं?"

"मले वाटलं, रागावले असतीन."

"मास्तर तं मागल्या सालीच रिटायर झाले म्हन्तेत. आता कोनाले शिकवतीन?"

त्याने जुनं पुस्तक झटकलं आणि गाणं बांधायला घेतलं. सोपं वाटलं होतं, पण लोखंडाला दोन संयुजा, ते चालीत बसेना. चार दिवस गेले. शेवटचं कडवं तुरटीचं केलं.

गाण्याखाली त्याने लिहिलं, 'परीक्षा होऊन गेली, ठाऊक आहे. चूक असेल तिथे लाल शाईने खूण करून पाठवा.'

पाकिटावर शाळेचा पत्ता लिहिला, खोडला, मास्तरांच्या घरचा घातला. अनसिंगच्या पोस्टापुढे तो थोडा घुटमळला. मग पाकीट पेटीत टाकलं.