सहदेवरावांच्या सायकलीचं रक्त

दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता, अन् केशरबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. परतवाड्याहून जिपा भरभरून माणसं येत होती. मधोमध चौरंगावर केशरबाईंच्या नवऱ्याची, सहदेवरावांची, जुनी काळी सायकल. सहदेवराव उन्हाळ्यात वारले आणि आता त्यांची सायकल रक्त गाळत होती! पायडलच्या खालून टप्, टप्, लाल थेंब. बाया ते कापसानं टिपून कपाळाला लावत होत्या. एकीनं तर नवऱ्याच्या गुडघ्यासाठी बाटलीच आणली होती.

"नातीचा पाय लागला!" लोहानंद महाराज गरजले. हे मागच्या सालापर्यंत मिक्सर दुरुस्त करायचे. शनिदेवानं स्वप्नात येऊन बढती दिली म्हणे. "बुढ्याच्या आत्म्याले सहन होऊन नाही राहिलं. सायकल मठाले द्या, पोरीले घरी बसवा!"

मठाच्या दारात अशी कोपलेली वाहनं बरीच उभी होती. आत्मे नेमके चालू गाड्यांवरच कोपत, भंगारावर कधीच नाही.

आजोबांच्या सायकलीवर शाळेत जाणारी नात, प्रतीक्षा, दाराआड उभी होती. शाळा परतवाड्याला, सायकल गेली की शाळा गेली. तिनं आईचा, दामिनीचा, पदर बोटाला गुंडाळला, लहानपणी झोपताना गुंडाळायची तसा. रडली असती तर बरं, पोरगी नुसती गुंडाळत होती.

आणि दामिनीला दसऱ्याची पूजा आठवली. चामड्याची सीट पूजेला चालत नाही, म्हणून सासूबाईंनी, केशरबाईंनी, ती दांडीसकट उपसायला लावली होती. मग उघड्या नळीवरच तांब्यामागून तांब्या अभिषेक!

दामिनी अंगणात उतरली. "महाराज, तुमच्या चेल्याची सायकल तरी शाबूत हाय ना?"

"मंत्रानं बांधेल हाय!" चेल्यानं छाती फुगवली.

दामिनीनं पाना लावून त्याची सीट उपसली. "पानी साफ हाय ना? पाहा, आत्याबाई." तांब्या नळीत रिकामा केला, सायकल गदागदा हलवली आणि उलटी केली. भळाभळा लाल पाणी, थेट महाराजांच्या पांढऱ्या धोतरावर.

"अगं माय!" केशरबाई ओरडल्या. "याच्या घरचं कोन मेलं?"

अंगण खो खो हसलं. बाटली गुपचूप पदराखाली गेली.

"कोनी नाही मेलं," दामिनी म्हणाली. " नळीले बाहेरून रंग असते, आतून लोखंड उघडंच. आपल्या सायकलीत पूजेचं पानी कोंडलं, गंज धरला, तोच झिरपून राहिला."

महाराजांना एकाएकी चिखलदऱ्याचे भक्त आठवले. चेला बिनसीटच्या सायकलीवर उभ्यानंच पायडल मारत मागे पळाला.

केशरबाई मात्र थेंबांकडे बघत होत्या. "म्हंजे बुढा रुसला नाही?"

"मामंजी नातीवर कधी रुसले होते, आत्याबाई?"

सायकल उलटी करून दोन्ही बायांनी उन्हात खडखडीत वाळवली. मग केशरबाईंनी स्वयंपाकघरातून जवसाचं तेल आणलं. ते नळीत ओतून सायकल चहूअंगांनी फिरवली. हे तेल आत सुकतं आणि लोखंडावर पातळ साय धरतं.

बायांनो, लाल थेंब दिसला तर हात जोडण्याआधी पाना लावा, आत डोकावा. आणि कुठलाही चमत्कार पोरीची शाळा मागायला लागला, की समजा, गंज सायकलीत नाही.

दुसऱ्या दिवशी केशरबाईंनी स्वतः सीट पुसली. चामड्याची.

"बस, माय. उशीर होऊन राहिला शाळेले."